खर्जात बोला, स्वतःबद्दल बोला

अमेरिकेत क्लासिक रॉकचं एफएम स्टेशन चालवायला घ्यायचं तुमच्या डोक्यात असेल, तर उगाच घाबरू नका. लायसन्स, मनोरा आणि वीजबिल सोडलं तर या धंद्यात बाकी सगळं आयतं आहे. गाणी पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी करून ठेवली आहेत. ती गाणारे निम्मे वारले, उरलेले निरोपाच्या दौऱ्यावर आहेत. हा निरोप वीस-वीस वर्षं चालतो. ऐकणाऱ्यांना तर सगळं शब्द न् शब्द पाठ, मधल्या गिटारसकट. माल तयार, गिऱ्हाईक तयार. मग तुम्ही करायचं काय? दोन गाण्यांच्या मधल्या फटीत उभं राहून आपण कोण आहोत ते सांगायचं. सांगून झालं की पुन्हा सांगायचं.

हा सल्ला देण्याचा मला काय अधिकार, असं विचाराल तर काहीच नाही. रेडिओत मी कधी काम केलेलं नाही. पण माझ्या गाडीचं ब्लूटूथ चार वर्षांपूर्वी वारलं, सीडीच्या खाचेत मुलीने लहानपणी दोन नाणी सारली होती ती अजून आतच आहेत, आणि ऑफिस पंचेचाळीस मिनिटांवर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या मध्यम शहरात माझ्या अँटेनाला धड तीन गोष्टी लागतात: प्रवचन, कंट्री आणि रॉक. त्यातलं रॉक मला जवळचं. मुंबईत काळ्या घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमध्ये कॅसेटी हातात घेऊन, किंमत बघून परत ठेवायच्या आणि मग मित्राकडून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायच्या, अशी जमवलेली ही गाणी. ती इथे हवेतून फुकट मिळतात म्हटल्यावर पहिले दोन महिने स्वर्ग दोन बोटं उरला होता. तिसऱ्या महिन्यात गाण्यांच्या मधलं ऐकू यायला लागलं.

स्टेशनचं नाव सांगत नाही. ते काम ते स्वतःच तासाला चाळीस वेळा करतं, माझ्या मदतीची त्याला गरज नाही.

तर आधी आवाज मिळवा. हा आवाज पुरुषाचा असतो, खर्जातला असतो, आणि तो माणूस रोज सकाळी चहाबरोबर मूठभर खडी खातो असं वाटलं पाहिजे. तो नेहमी रागावलेला असतो. कुणावर, ते कळत नाही. तो ‘रॉक’ म्हणत नाही, ‘रॉऽऽऽक’ म्हणतो, आणि त्याच्या मागे स्फोट होतो, मग विमान जातं, मग कुणीतरी गिटारच्या तारेवर नख ओढतं, मग पुन्हा स्फोट. या सगळ्याला धंद्यात ‘इमेजिंग’ म्हणतात. आवाजवाले काका तुमच्या गावचे असण्याची मुळीच गरज नाही. ते आपल्या घरातल्या खोलीत बसून एका दुपारी दहा गावांसाठी ‘या गावचं एकमेव खरं रॉक’ असं दहा वेळा म्हणतात आणि फायली पाठवून देतात. मी एकदा ओहायो, इंडियाना करत शिकागोला गाडीने गेलो. वाटेत तीन वेळा स्टेशन विरलं, तीन वेळा नवं शोधलं. तिन्हीकडे हेच काका, आणि तिन्ही गावं एकमेव.

घोषवाक्य निवडताना एकच पथ्य पाळा. त्यात पडताळून पाहता येईल असं काही ठेवू नका. ‘आम्ही या आठवड्यात इतकी वेगवेगळी गाणी लावली’ असं चुकूनही म्हणायचं नाही, लोक मोजतील. ‘खरं रॉक’, ‘अस्सल रॉक’, ‘दर्जेदार रॉक’ हे चालेल. जणू पलीकडचं स्टेशन रॉकमध्ये डालडा मिसळून विकतं! प्राणीही जोडा. गरुड, कोल्हा, अस्वल, ससाणा, जो मोकळा असेल तो. क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस या स्टेशनने १९७४ मध्ये चक्क गिधाड निवडलं आणि ते इतकं चाललं की लोक गाडीवर गिधाडाचा स्टिकर अभिमानाने लावून फिरले. पण त्यात निदान गंमत होती, आपण कसे दिसतो याची जाण होती. ती तुम्हाला परवडणारी नाही. तुम्ही गरुडच घ्या.

आता कायद्याचं. दर तासाला एकदा, तास बदलण्याच्या सुमारास, स्टेशनने आपल्या सरकारी नावाची चार अक्षरं आणि लायसन्सवरच्या गावाचं नाव सांगायचं, एवढंच सरकार मागतं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला नाव बहुतेक डब्ल्यूने सुरू होतं, पश्चिमेला के-ने. पिट्सबर्गचं केडीकेए असे काही जुने अपवाद आहेत, ते ट्रिव्हियावाल्यांना सोडून द्या. सांगायचा मुद्दा असा की हे सगळं दोन सेकंदांत होतं. ते तुम्ही पुटपुटायचं. शक्यतो दोन स्फोटांच्या मधे, सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी शेवटचे श्लोक गुंडाळतात त्या वेगाने. कारण लायसन्सवरचं गाव बरेचदा भलतंच निघतं, शहराबाहेरचं, दोन सिग्नलांचं, आणि तुम्ही तर दिवसभर शहराच्या नावाने डरकाळ्या फोडताय. कायद्याने मागितलेलं कानात सांगायचं आणि कुणीच न विचारलेलं छपरावर चढून. हे जमलं की निम्मं काम झालं.

इथे कुणी तरी विचारेल की एवढं स्वतःचं नाव घ्यायचं कशासाठी? गाडीतल्या रेडिओच्या काचेवर आकडा दिसतोच की. त्याला खरं कारण आहे, आणि ते मला कळलं तेव्हा मला या लोकांची थोडी दया आली. जाहिरातीचे पैसे श्रोत्यांच्या संख्येवर मिळतात, आणि श्रोते मोजायची जुनी पद्धत म्हणजे डायरी. आर्बिट्रॉन नावाची कंपनी निवडक घरांमध्ये एक छोटी वही पाठवायची, सोबत मिनतवारीच्या नोटा. आठवडाभर तुम्ही काय ऐकलंत, केव्हा ऐकलंत, ते तुम्ही आठवून लिहायचं. पाव तासातली पाच मिनिटं ऐकलं असं लिहिलंत तर अख्खा पाव तास स्टेशनच्या खात्यात जमा. म्हणजे खरी लढाई कानाची नव्हतीच, आठवणीची होती. माणसाने काय ऐकलं याला शून्य किंमत, बुधवारी रात्री वही भरताना त्याला काय आठवलं यावर सगळ्यांचे पगार. मग काय, नाव घोकून घेणं आलं. पाढे म्हणवून घेतात तसं.

पुढे २००७ पासून मोठ्या शहरांमध्ये पट्ट्याला लावायचं पेजरएवढं यंत्र आलं. स्टेशनच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारा संकेत मिसळलेला असतो, यंत्र तो आपोआप टिपतं. श्रोत्याला काहीही आठवायची गरज उरली नाही. घोकंपट्टी थांबायला हरकत नव्हती. पण सवय! परीक्षा रद्द झाली तरी वर्गात पाढे चालूच. तुम्हाला जर कुणी नवशिक्याने सुचवलं की आता निदान मोठ्या शहरांत तरी आपण गप्प बसून गाणी लावू, तर त्याला रात्रीच्या पाळीत टाका. रात्रीची पाळी संगणक करतो, म्हणजे तो आपोआप घरी गेला.

आमच्यासारख्या लहान शहरांमध्ये अजून वहीच चालते. तिच्याकडे येतोच आहे.

स्थानिकपणाचा डंका जोरात वाजवा. ‘तुमच्या गावचं’, ‘तुमचं आपलं’, ‘इथलंच’. पुण्यातला दुकानदार ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावतो तेव्हा ती खरी तरी असते. इकडे १९९६ च्या दूरसंचार कायद्याआधी एका मालकाला देशभरात २० एएम आणि २० एफएम, एवढीच स्टेशनं ठेवता यायची. ती मर्यादा उठली आणि काही वर्षांतच टेक्ससमधल्या क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं जमली. प्रत्येकाने ‘आम्ही इथले’ म्हणायचं. दुपारची बाई, जी तुम्हाला ‘बाहेर काय सुंदर दिवस आहे!’ असं सांगते, ती दुसऱ्या राज्यात बसून आदल्या दिवशी बोललेली असू शकते. आमच्याकडे एकदा दीड फूट बर्फात माझी गाडी अडकलेली असताना तिने तो सुंदर दिवस मला सांगितला. मी फावडं घेऊन उतरलो तेव्हाही ती आत बोलत होती.

बंडखोरीचा विषय नाजूक आहे, तो नीट हाताळा. तुम्ही बंडखोर आहात हे तासातून चार वेळा सांगायचं, आणि गाणी मात्र ठरलेल्या तीन-चारशेंतलीच लावायची. अल्बममध्ये दहा गाणी असतील तर नऊ या जगात झालीच नाहीत असं समजायचं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू नावाच्या जाडजूड माणसाने केएमपीएक्सवर मनाला येईल ते लावायला सुरुवात केली होती. लाँग प्लेची पूर्ण बाजू, ब्लूजला लागून सतार, जाहिराती हळू आवाजात. निवेदक गाण्याबद्दल बोलायचे, कारण गाणं त्यांनी निवडलेलं असायचं. तो प्रकार फैलावला, मग सल्लागार आले, यादी आली, आणि १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लान्सिंगला फ्रेड जेकब्स या सल्लागाराने जुन्याच गाण्यांचं वेगळं दुकान थाटून दाखवलं. ते चाललं म्हणून तर आज तुम्ही या धंद्यात येताय. जेकब्सना दोष देत नाही मी; त्यांनी लोकांना आवडतं तेच दिलं. पण ज्याने गाणं निवडलेलंच नाही त्याने गाण्याबद्दल बोलायचं काय? म्हणून तो स्टेशनबद्दल बोलतो. घरात स्वयंपाक केला नसला की माणूस पाहुण्यांना ताटं कुठून आणली ते सांगत बसतो, तसं.

तर बंड ऑफिसच्या वेळात ठेवा. सकाळी नऊ ते पाच ‘एकही गाणं दुसऱ्यांदा नाही’ अशी हमी द्या, आणि कुणी पकडलं तर बक्षीस. दुसऱ्यांदा कशाला लागेल? उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लागेल. मंगळवारी एकेका बँडची दोन-दोन गाणी लावा आणि ती योजना जागतिक शांततेच्या करारासारखी जाहीर करा. ‘सलग पन्नास मिनिटं, एकही जाहिरात नाही’ हे दर दोन गाण्यांनंतर सांगा. त्याला जाहिरात म्हणत नाहीत. ती पन्नास मिनिटं संपल्यावर गादीवाला, छप्परवाला, अपघाताचा वकील, पुन्हा गादीवाला. शेवटी काका येऊन सांगतील की आम्ही कमी बोलतो.

आणि गाण्याचा शेवट. त्याबद्दल मी जरा जास्त हळवा आहे, समजून घ्या. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं आहे. १९७१ पासून ते बासरीसारख्या सुरांनी सुरू होतं, चढत जातं, आणि सगळी वाद्यं थांबल्यावर एकटा आवाज शेवटची ओळ म्हणतो. आठ मिनिटं थांबायचं ते त्या एका ओळीसाठी. त्या संध्याकाळी मी घराच्या ड्राइव्हवेत पोचलो होतो, इंजिन बंद केलं, किल्ली अर्धी ठेवली, दिवे मालवले. गिटार संपली. आवाज एकटा उरला, त्याने पहिला शब्द घेतला, आणि स्फोट! विमान! ‘रॉऽऽऽक!’ शेवटचा शब्द मला काकांच्या पायाखालून ऐकू आला. दारात बायको उभी होती. म्हणाली, ‘कुणावर ओरडतोयस?’

तुमच्या स्टेशनवर हे जरूर करा. शांतता गेली की पुन्हा मिळत नाही, तेव्हा दिसेल तिथे भरून टाका.

रेडिओवर ओरडून भागत नाही, लोकांत मिसळावं लागतं. त्यासाठी ‘लाइव्ह रिमोट’ असतो. मी एक पाहिला आहे. जुन्या गाड्यांच्या शोरूमबाहेर शनिवारी अकरा ते एक. रेडिओवरून ऐकताना वाटलं होतं की गाव लोटलंय; ‘इथे नुसती धमाल चाललीय’ असं तो पोरगा दर वीस मिनिटांनी सांगत होता. गेलो तर स्टेशनची व्हॅन, एक घडीचं टेबल, त्यावर प्लास्टिकचं फिरवायचं चक्र, आणि थंडीत मफलर गुंडाळलेला तो पोरगा. वय असेल पंचवीस. मी, माझी मुलगी आणि हॉट डॉगच्या वासाने आलेले एक आजोबा, एवढी धमाल. मुलीने चक्र फिरवलं. तिला बियरचा डबा थंड ठेवायचं फोमचं आवरण मिळालं, त्यावर स्टेशनचं नाव. ती अकरा वर्षांची. पोरगा ओशाळला, म्हणाला, ‘हवं तर पेन्सिल ठेवायला वापर.’ मी त्याला विचारलं, यातलं तुला काय आवडतं ऐकायला? त्याने व्हॅनकडे बघितलं, मग हळूच एका बँडचं नाव सांगितलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. ते नाव मी घरी येऊन शोधलं. फार चांगले होते. आमच्या स्टेशनवर ते कधी लागणार नाहीत. तेवढ्यात त्याच्या कानातल्या यंत्रातून काहीतरी आलं आणि त्याने माइक उचलून गावाला सांगितलं की गर्दी वाढतेय. आजोबा माझ्याकडे बघून हसले.

फोमच्या त्या आवरणात सध्या पेन्सिलीच आहेत.

मोठी स्वप्नं असतील तर शिकागो आठवा. १२ जुलै १९७९, कोमिस्की पार्क. डब्ल्यूएलयूपी हे रॉक स्टेशन ९७.९ वर लागायचं, म्हणून डिस्कोची एक तबकडी आणि ९८ सेंट दिले की बेसबॉलच्या दोन सामन्यांना प्रवेश. मधल्या वेळात निवेदक स्टीव्ह डाल लष्करी पोशाख आणि हेल्मेट घालून मैदानात आला आणि तबकड्यांचा ढीग स्फोटकं लावून उडवला. हजारो लोक मैदानात उतरले, गवत पेटलं, दुसरा सामना खेळताच आला नाही आणि यजमान व्हाइट सॉक्सना तो डेट्रॉइटला बहाल करावा लागला. त्या ढिगात डिस्को नसलेल्या, निव्वळ काळ्या कलाकारांच्या म्हणून आलेल्या तबकड्याही होत्या, असं तिथे काम करणाऱ्या विन्स लॉरेन्सने पुढे सांगितलं. तिथे विनोद संपतो. जाहिरात म्हणून मात्र ती अजरामर झाली. स्टेशन अजरामर झालं नाही. मार्च २०१८ मध्ये ते ख्रिस्ती भक्तिसंगीतवाल्यांना विकलं गेलं. जाता जाता त्यांनी नरकाची आणि सैतानाची गाणी ओळीने लावली. ऐकायला मी तिथे नव्हतो याचं वाईट वाटतं. एवढ्या वर्षांनी का होईना, कुणीतरी मनाने गाणी निवडली होती.

लोकशाहीही राबवा. न्यूयॉर्कचं १०४.३ दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास श्रोत्यांची मतं घेऊन सर्वकाळची १,०४३ गाणी उलट्या क्रमाने लावतं. हजार का नाहीत? आकडा बघा. आहे की नाही कमाल! चार-पाच दिवस मोजणी चालते, लोक कार्यालयात पैजा लावतात, आणि पहिलं गाणं कोणतं येणार हे कोंबड्यालासुद्धा माहीत असतं. मघाशी ड्राइव्हवेत माझं तुटलं तेच.

हं, तर वही. मागच्या महिन्यात आमच्या टपालपेटीत जाड लिफाफा आला. आत माझ्यासाठी, बायकोसाठी आणि एव्हाना बारा वर्षांच्या झालेल्या मुलीसाठी अशा तीन वह्या, आणि डॉलरच्या कोऱ्या नोटा. गुरुवारी सुरू, बुधवारी संपवून परत पाठवायची. मी प्रामाणिक माणूस आहे. रोज दीड तास, आठवड्याचे पाच दिवस, काट्यावर वेळ लिहून ठेवली. बुधवारी रात्री जेवण झाल्यावर स्टेशनाचा रकाना भरायला बसलो. पेन टेकवलं.

काका आठवले. स्फोट आठवला, विमान आठवलं. खरं, अस्सल, दर्जेदार, सगळं आठवलं. आकडा आठवेना. गाडीत ते पहिल्या बटणावर आहे, काचेकडे मी चार वर्षांत बघितलेलं नाही.

‘अगं, आपलं ते रॉक स्टेशन, ते गरुड ना?’

‘गरुड ओहायोत होतं,’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘इथलं अस्वल आहे.’

‘कोल्हा,’ मुलगी वरच्या जिन्यावरून म्हणाली. ‘बाबा, पेन्सिली बघ ना कशात ठेवल्यात त्या.’

वर जाऊन बघितलं. हात लागून लागून फोमवरची अक्षरं गेली होती. एक कान दिसत होता. तो कोल्ह्याचा असू शकतो, अस्वलाचाही.

गाडीपर्यंत जायचं तर बाहेर बर्फ पडत होता. मी गरुड लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.